सही दे, भात वाढलाय

सांगतो, पण एका अटीवर. मध्येच कुणी "मग बॅकअप नव्हता का रे?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न मला ऑफिसात विचारून झालाय, शेजारीपाजारी विचारून झालाय, परवा केस कापताना न्हाव्यानेसुद्धा विचारला. बॅकअप होता. तो मीच पुसला. झालं समाधान? आता चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. हसायला येईल तिथे हसा, मी वाईट वाटून घेणार नाही. घरचे तर अजून हसतात.

आमचं घर कैनाडला. बाबांची भातशेती, आणि भात निघाला की मिरचीचे वाफे. ताई वाणगावला दिलेली, तिथल्या बाजारात औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आईची धाकटी बहीण, आमची सुमनमावशी, उधव्याला. तिथून गुजरात इतकं जवळ की मावशीच्या फोनला पलीकडचा टॉवर लागतो आणि मावशीच्या जिभेलाही. मी मुंबईला एका कंपनीत प्रोग्रामर. आणि आई. आई दोन हजार अठरा साली गेली. दुखणं वाईट होतं, शेवटचे दिवस वापीच्या दवाखान्यात गेले.

आईला फोनवर टाइप करता यायचं नाही. ती व्हॉइस मेसेज पाठवायची. पाठवायची म्हणजे काय, बटण दाबून धरायची आणि शेताच्या पलीकडच्या बांधावर माणूस उभा आहे अशा आवाजात बोलायची. शेवटी म्हणायची, "चल, ठेवते." आणि बटण सोडायचीच नाही! पुढे मग भांडी, कोंबड्या, मांजराला घातलेल्या शिव्या, बाबांना मारलेल्या हाका, सगळं आमच्याकडे यायचं. मुद्द्याचं बोलणं थोडं आणि "ठेवते"च्या पुढचा संसारच मोठा.

ती गेल्यावर हे मेसेज आमच्या फोनांत राहिले. ताईकडे ढीगभर, मावशीकडे त्याहून जास्त, माझ्याकडे थोडे. मी फोन उचलायचो नाही म्हणून चिडून पाठवलेले. आणि बाबांकडे फक्त एक.

एकच, कारण बाबा आणि आई आयुष्यभर एकाच घरात. मेसेज पाठवायची वेळच आली नाही कधी. वापीला तिला ठेवलं, तेव्हा तिने नर्सकडून फोन मागून घेतला आणि बाबांना पहिला आणि शेवटचा मेसेज पाठवला. "अहो, जेवलात का?" बस, तेवढाच. आवाज खोल गेलेला. आणि नवल म्हणजे या वेळी बटण लगेच सोडलेलं.

बाबा रोज दुपारी पान वाढून घ्यायचे, फोन ताटाशेजारी ठेवायचे, तो मेसेज लावायचे, "हो, बसतोय" म्हणायचे आणि मग पहिला घास घ्यायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून मागच्या दारी गेलो होतो.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो. जांभया देऊ नका, सोपं आहे.

मी एक लायब्ररी लिहीत होतो. पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रामरांनी उचलून वापरायचा तयार प्रोग्राम. काम काय? समजा एखाद्या पेटीची डिजिटल किल्ली आहे. ती एकाकडे दिली तर तो मालक होऊन बसतो. म्हणून किल्लीचे तुकडे करायचे आणि चौघांत वाटायचे. अख्खी किल्ली कुणाकडेच नाही. पण चौघांतल्या कुठल्याही तिघांनी आपापल्या फोनवर "हो" म्हटलं, की तिघांची मिळून एक सही तयार होते आणि पेटी उघडते. दोघांनी कितीही डोकं आपटलं तरी उघडत नाही. चोराला तीन घरं फोडावी लागतात. आहे की नाही झकास?

फक्त झकास वस्तूला गिऱ्हाईक नव्हतं. कंपनीचा एक ग्राहक "बघू, बघू" करत होता. लायब्ररी मी इंटरनेटवर सगळ्यांना मोकळी ठेवली होती, तिथेही कुत्रं फिरकत नव्हतं.

आणि मग आमच्याकडे जमीन हलायला लागली.

तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले ते थांबेचनात. आधी खालून गुडगुड आवाज, मग मांडणीवरची भांडी वाजायची. भिंतींना भेगा गेल्या. लोक अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागले, थंडीत, लेकराबाळांसकट. सरकारी माणसं येऊन शिकवून गेली: धक्का बसला की गॅस बंद, मेन स्विच बंद, मोकळ्यावर पळा. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं की पाड्यातले लोक त्यांनाच विचारायला यायचे.

मला मुंबईत एकच धास्ती. बाबांचा जुना फोन, वर भेग पडलेली भिंत. उद्या भिंत खाली आली तर आईचा आवाज ढिगाऱ्यात जाईल. शनिवारी घरी आलो, ताईला आणि मावशीला बोलावून घेतलं आणि जाहीर केलं, "आईचे सगळे मेसेज एका पेटीत ठेवू. माझ्या लायब्ररीच्या पेटीत. चौघांत चार तुकडे."

ताईला कल्पना पटली, पण तिची कारणं वेगळी होती. "माझ्याकडच्या निम्म्या मेसेजांत आई माझ्या सासूबाईंबद्दल बोललीय. ते बाहेर नाही ना जाणार?"

"तीन सह्यांशिवाय ब्रह्मदेवालाही ऐकू येणार नाही."

"आणि फोनमध्ये आहेत ते?"

"ते पुसायचे! बॅकअपही पुसायचा. नाहीतर पेटीला कुलूप लावून उपयोग काय? कौलं तर उघडीच!"

पुसले. सगळे. माझ्या हाताने, एकेकाचा फोन घेऊन. शिवाय पेटीची रचना अशी केली की मागच्या दाराने कंपनीलाच काय, मलाही शिरता येऊ नये. पेटी उघडणारी गोष्ट कुठल्याही तिघांच्या सहीतूनच घडायची. सही नाही, तर आत नुसता कचरा. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

बाबांच्या फोनपाशी आलो तेव्हा ताई हळूच म्हणाली, "दिनू, त्यांचा एवढा एक राहू दे ना फोनमध्ये."

"ताई, एक अपवाद केला की सुरक्षितता संपली!"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना वाटलं, मुलगा शिकलेला आहे.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या आयुष्यात दुपार नावाचा प्रकार सुरू झाला. मी मुंबईत मीटिंगला बसलेलो, आणि फोन.

"दिनू, भात वाढलाय. सही दे."

कारण बाबांना आता आपल्याच बायकोचं "जेवलात का" ऐकायचं तर तीन सह्या लागायच्या. एक त्यांची. उरलेल्या दोन आमच्यातल्या कुणाच्या तरी. ताई काउंटरवर गोळ्या मोजत असायची, मावशी शेतात. मग एकाला लावा, दुसऱ्याला लावा. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनीच विचारलं, "कोण आहे सारखं?"

"वडील आहेत. सही मागतायत."

साहेब गंभीर झाले. "मालमत्तेचं काही?"

"नाही, भाताचं."

एकदा ऐकून झालं की मेसेज फोनमधून आपोआप पुसला जायचा, हीसुद्धा माझीच सोय. त्यामुळे रोज नवी सही. मावशीचा फोन लागला नाही तर बाबा थांबायचे. भात गार व्हायचा, पण त्यांनी ऐकल्याशिवाय घास घेतला नाही. मावशीने मला सुनावलंही, "अरे दीकरा, माझी बेन त्यांना फुकट विचारत होती जेवलात का म्हणून. तू तर त्यांना ऑफिस लावलंस ने!"

मी म्हटलं, "मावशी, सवय होईल."

आईच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी आठवडाभर कैनाडला येऊन राहिलो. अंगणातल्या मांडवात टेबल टाकून काम करत होतो. मोबाइलला रेंज यथातथा, म्हणून सिमकार्डावर चालणारा राउटर आणून बांबूच्या टोकाला बांधला होता, त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये. तिथे मला पुण्याहून एका मुलीचा मेल आला. अन्विता तिचं नाव, याच विषयात पीएचडी करत होती. लिहिलं होतं, "तुमच्या लायब्ररीत गंभीर सुरक्षा त्रुटी सापडली आहे. हल्ला कसा करता येतो ते सोबत देत आहे."

हल्ला! माझ्यावर! जिला गिऱ्हाईक नाही त्या लायब्ररीवर कोण कशाला हल्ला करेल? मला वाटलं, ही नक्की दुसऱ्या कंपनीची. तिने नंबर दिला होता. मी तडक फोन लावला.

तर झालं होतं असं. किल्लीचे तुकडे अधूनमधून बदलायची सोय मी दिली होती. एखादा तुकडा चोरीला गेला असला तरी निकामी व्हावा म्हणून. सगळ्या फोनांनी एकमेकांशी बोलायचं, प्रत्येकाने आपला नवा तुकडा बनवायचा आणि जुना पुसून टाकायचा.

"सर, नवा तुकडा हातात आला की तुमचा प्रोग्राम जुना लगेच पुसतो," ती म्हणाली.

"मग काय जुन्याचं लोणचं घालू?"

"बाकीच्यांना नवा मिळाला की नाही, हे तो विचारतच नाही."

"मिळणारच! का नाही मिळणार?"

"एखाद्याने मुद्दाम अर्धवट पाठवलं तर? किंवा मध्येच नेटवर्क गेलं तर? मग काहींकडे नवा, काहींकडे जुना. नवा आणि जुना एकमेकांत जुळत नाहीत. जुने तर पुसलेले. किल्ली कायमची गेली, सर. चोरालाही मिळणार नाही आणि मालकालाही."

"नेमकं त्याच क्षणाला नेटवर्क जाईल?"

"हो."

"अहो बाई, असं नेमकं त्याच क्षणाला काही होत नसतं."

मी हे बोललो तेव्हा टेबलावरचा स्टीलचा पेला खडखड वाजत होता. रोजचाच बारीक धक्का. मी पेला हाताने दाबून धरला आणि पुढे बोलत राहिलो. आता सांगा, असा माणूस तुम्ही पाहिलाय?

ती शांतपणे म्हणाली, "दुरुस्ती अगदी छोटी आहे. चौघांनी 'मला मिळाला' असं सांगेपर्यंत जुना ठेवायचा. मी लिहून पाठवू का?"

"काही गरज नाही. प्रत्यक्ष वापरकर्त्यांवर करून दाखवतो, व्हिडिओ पाठवतो तुम्हाला." आणि तिच्या तक्रारीखाली मी शेरा मारला: प्रत्यक्षात अशक्य.

प्रत्यक्ष वापरकर्ते कोण? जगात माझ्या लायब्ररीचे वापरकर्ते एकूण चार, आणि त्यातला एक मी.

श्राद्धाचा दिवस उजाडला. ताई आली, मावशी आली. भटजी विधी उरकून गेले. अंगणाच्या कडेला कावळ्यासाठी पान ठेवलं. ठरलं असं होतं की जेवायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून आईचे मेसेज ऐकायचे. सगळे, सासूबाईंवरचेसुद्धा. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. वर्षात पहिल्यांदाच दाढी इतकी तुळतुळीत केली होती. मांडवात खाटेवर बसले आणि म्हणाले, "लाव."

आता इथे, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? लावलं असतंत ना? कुठलाही शहाणा माणूस लावेल!

मी म्हणालो, "दोन मिनिटं बाबा. चौघं आयतेच एकत्र आहोत, तर आधी तुकडे बदलून घेतो. मग निवांत ऐकू."

"आधी ऐकव ना रे," ताई म्हणाली.

"दोन मिनिटं गं!"

चौघांचे फोन चटईवर ओळीत मांडले, सगळे राउटरला जोडले. पाचवा, ऑफिसचा फोन, खुर्चीला टेकवून व्हिडिओ सुरू केला. त्या व्हिडिओत मी स्वच्छ ऐकू येतो. "बघा, प्रत्यक्ष वापरकर्ते, प्रत्यक्ष परिस्थिती. काहीही होत नाही." मग चौघांना बटण दाबायला लावलं. चारही पडद्यांवर चक्रं फिरू लागली.

तेवढ्यात कावळा पान अर्धवट टाकून भर्रकन उडाला.

मावशी म्हणाली, "खीर नाय आवडली वाटतं तिला."

टुंग! ताईच्या फोनवर हिरवी खूण. टुंग! मावशीच्या फोनवर. आणि खालून गुडगुडलं.

हा रोजचा नव्हता. खाट सरकली, मांडवाचे वासे करकरले, घरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. मावशीने "अंबे मां" करत ताईला मिठी मारली. मी फोन धरायला वाकलो. आणि बाबा? जवळजवळ सत्तरीचा माणूस, खाटेवरून उठला आणि "गॅस! मेन!" असं ओरडत सरळ घरात धावला.

"बाबा! मेन नको! मेन नको!"

खटाक.

बांबूवरचा राउटरचा दिवा गेला.

धक्का थांबला. बाबा दारातून बाहेर आले, सदऱ्यावर भिंतीची माती, चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान. "सगळं बंद केलं," म्हणाले.

खरंच सगळं बंद झालं होतं. ताई आणि मावशी, दोन नवे तुकडे. बाबा आणि मी, दोन जुने. पेटीला एका जातीचे तीन हवेत. ते आता जगात कुठेच नव्हते.

मला ते त्याच क्षणी कळलं. तरी मेन चालू केला, राउटर चालू केला, आधी ताईचा फोन घेतला, मग मावशीचा, मग पुन्हा ताईचा. पडद्यावर माझंच वाक्य येत होतं, मीच कधीतरी लिहिलेलं: सह्या जुळत नाहीत.

"मंग परत चालू कर ने पहिल्यापासून," मावशी म्हणाली.

"नाही होणार मावशी. माझा आणि बाबांचा जुनाच आहे, तुमच्या दोघींचा जुना पुसला गेला."

"कोणी पुसला?"

"प्रोग्रामने."

"प्रोग्राम कोणाचा?"

मी राउटर उगाच पुन्हा बंद-चालू केला. मग बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी मेन बंद केला म्हणून गेलं का रे?"

मला आजही तो प्रश्न झोपू देत नाही. त्या माणसाने शिकवलं तसं बरोबर केलं होतं. मी म्हणालो, "नाही बाबा. माझ्यामुळे गेलं."

"मग आजचं 'जेवलात का'?"

"बघतो बाबा."

त्या दिवशी श्राद्धाचं जेवण कुणाला गेलं नाही. वडे तसेच राहिले.

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. ताईचा आणि मावशीचा फोन मुंबईला नेला, पुसलेलं परत काढून देणाऱ्यांकडे फिरलो. सगळ्यांनी एकच सांगितलं, ज्याने पुसायचा प्रोग्राम लिहिला तो हुशार होता, मागे काहीच ठेवलेलं नाही. कौतुक होतं ते! शेवटी अन्विताला फोन केला.

"मॅडम, तुमचं बरोबर होतं. तसं होतं."

"अच्छा, तुम्हाला पण करून बघता आलं? कशावर?"

"घरी. खऱ्या वापरकर्त्यांवर."

"खरा डेटा नव्हता ना त्यात?"

मी सांगितलं काय होतं ते. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "सर, मी ती दुरुस्ती पाठवते." तिचा आवाज ओला झाला होता. मला तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुरुस्ती आली, लावली. आता चौघांनी होकार दिल्याशिवाय लायब्ररी जुनं काही टाकत नाही. फार सुरक्षित झालीय. आमच्याकडे त्यात ठेवायला काही उरलं नाही, इतकंच.

आणि एके दुपारी मीटिंगमध्ये फोन वाजला. बाबांचा. हाताला सवय होती, मी उचलला.

"दिनू, भात वाढलाय."

मग ते थांबले.

"नाही, काही नाही रे. सवयीने लागला. तू पण जेवून घे."

साहेबांनी विचारलं, "सही का?" मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

पुढच्या सुट्टीला घरी गेलो. ताई होती. दुपारी मावशी उधव्याहून शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन आली. पण आली ती गप्प. मावशी आणि गप्प! पाणीसुद्धा मागितलं नाही. बाबांच्या शेजारी खाटेवर टेकली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "भाऊजी, एक मेसेज आहे माझ्याकडे."

मी उडालोच. "कसला? मी तर सगळे पुसले होते!"

"तू मागितले तेवढे दिले. हा नव्हता दिला. हा मी आधीच दुसऱ्या फोनमध्ये टाकून ठेवला होता, तुझ्या काकाच्या."

"का पण?"

"त्यात ती तुझ्याबद्दल बोलली आहे, दीकरा. तुला वाईट वाटेल म्हणून लपवला."

पिशवीतून काकांचा बटणांचा फोन निघाला. मावशीने कळ दाबली. आणि अंगणभर, बांधापलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, आजारपणाच्या आधीची आमची आई बोलू लागली.

"सुमे, ऐक. माझ्या पाटल्या तुझ्याकडेच राहू देत हां. दिनूकडे नको देऊ. पोरगा गुणाचा आहे, पण त्याला जपून ठेवायचा रोग आहे. असं जपून ठेवतो, असं जपून ठेवतो, की मग त्याला पण सापडत नाय आणि दुसऱ्याला पण सापडत नाय. बारावीचं सर्टिफिकेट जपून ठेवलं, अजून शोधतोय. त्याला खायला दे, प्यायला दे, जपायला काय देऊ नको. चल, ठेवते."

ताई हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते नुसतंच पाणी राहिलं. मावशीने ओशाळून फोन बंद करायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले.

अर्थात! "ठेवते" म्हणाली होती, बटण कुठे सोडलं होतं? झाकणाचा आवाज आला. कोंबडी कलकलली. "हूड मेली, भातात तोंड घालतेस!" मग पावलं, आणि जरा लांबून, ज्या आवाजात ती आयुष्यभर रोज दुपारी हाक मारायची त्या आवाजात:

"अहो, या हो. भात वाढलाय."

बाबा उठले. खरंच उठले, मोरीपाशी गेले आणि हात धुऊ लागले. बराच वेळ धूत होते. आम्ही तिघं तिकडे न बघता बसून राहिलो.

ते परत आले तसं मला राहवलं नाही, मी फोनवर झडपच घातली. म्हणालो, "मावशी, हा मला दे. मी नीट जपून..."

"नाही!" तिघं एकदम ओरडले. धक्क्यालासुद्धा इतके एका सुरात ओरडले नव्हते.

तो मेसेज आज कैनाडपासून उधव्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. ताईकडे आहे, काकांकडे आहे, शेजारच्या चार घरांत आहे, ताईच्या सासूबाईंकडेसुद्धा आहे. बाबा तो रोज पान वाढल्यावर लावतात, आणि कुणाची सही लागत नाही. फक्त माझ्याकडे नाही. आजवर कितीदा मागितला! बाबांचं उत्तर ठरलेलं आहे.

"ऐकायचा तर इथे जेवायला ये. न्यायला मिळणार नाही."